पोटात घाला, पण डोकं खाऊ नका

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की तुमच्या घरात, कामावर असे कोणते बोलायचे प्रकार आहेत जे दुसऱ्या भाषेत सांगायला गेलं की अडतात, किंवा उलट, दुसऱ्या भाषेत पण जसेच्या तसे सापडतात. पत्रं भरपूर आली आणि येणारच होती, कारण सोलापूरचा माणूस दिवसभरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चारचार भाषांतून फिरतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत पण नाही. त्यातली पाच पत्रं इथे घेतेय, लांब पत्रं थोडी कमी केलीत.

ताई नमस्कार. माझं माहेर बार्शीचं, मराठी, आणि सासर अशोक चौकातलं पद्मशाली, घरात तेलुगू. कोणाची काही चूक झाली की सासूबाई म्हणतात, 'कडुपुलो पेट्टुको', म्हणजे पोटात ठेव. माझी आई पण हेच म्हणायची, चुकलं असेल तर पोटात घाला. आणि आमच्या शेजारच्या कानडी काकू म्हणतात 'होट्टेगे हाक्कोळ्ळी', ते पण पोटात घाला! मिस्टर म्हणतात हे मूळचं आमचं, तुम्ही उचललंय. खरं काय?
एक सून, अशोक चौक

तुमचं पत्र वाचून इतकं छान वाटलं की सगळ्यात आधी तेच घेतलं. आता बघा, घराण्याचा विचार केला तर तेलुगू आणि कन्नड द्राविडी, आणि मराठी संस्कृत-प्राकृताकडून आलेली, म्हणजे तिचं रक्ताचं नातं हिंदीशी, बंगालीशी, अगदी लांबून फारसीशी आणि इंग्रजीशी सुद्धा. तरी माफी मागताना मराठी माणूस इंग्रजीसारखं बोलत नाही, तो शेजारच्या कानडी तेलुगू माणसासारखं बोलतो. नातं रक्ताचं एकीकडे आणि सहवास दुसरीकडे, आणि बोलण्याच्या बाबतीत माझं ठाम मत आहे की सहवास जास्त जिंकतो.

हे अभ्यासकांनी पण बघितलंय. मरे एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये दाखवलं की भारतातल्या वेगवेगळ्या घराण्यांच्या भाषा शेजारी राहून राहून एकमेकींसारख्या होत गेल्यात. आणि आपल्याला तर अजून जवळचं उदाहरण आहे, सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. तिथे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी अभ्यास करून १९७१ मध्ये मांडलं की त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू इतक्या जवळ आल्यात की वाक्याची बांधणी जवळपास एकच झालीय, फक्त शब्द बदलायचे, बाकी सगळं जागच्या जागी. वाक्याचा सांगाडा एक झाला की मग बोलायची पद्धत इकडून तिकडे जायला काहीच अडचण राहत नाही, एक एक शब्द बदलला की झालं काम.

पोटाचंच बघा ना. शेजाऱ्याचं चांगलं झालं की आपल्या मराठीत माणसाच्या 'पोटात दुखतं', कन्नडमध्ये त्याला 'होट्टेकिच्चु' म्हणतात, म्हणजे पोटातला विस्तव, आणि तेलुगूत 'कडुपुमंट', पोटातली आग. इंग्रज मात्र मत्सरानं हिरवा होतो, त्याचा पोटाशी संबंध नाही. कोणी फार बडबड केली तर आपण म्हणतो डोकं खाऊ नको, कानडीत 'तले तिन्नबेडा', तेलुगूत 'बुर्र तिनकु', तिन्हीकडे खायचंच काम चाललंय.

पण जगात सगळीकडे पोटच असतं असं नाही. जपानी माणसाला राग आला की त्याचं पोट 'उभं राहतं', इंडोनेशियात मन दुखावलं तर यकृत दुखलं म्हणतात, आणि चिनी भाषेत धाडसी माणसाचं पित्ताशय मोठं असतं! आपल्याकडे त्याच धाडसाला छाती लागते. ह्यातलं काही शरीरातूनच येतं, म्हणजे भीती वाटली की पोटात कालवतं हे कुठल्याही देशातल्या माणसाला होतं. पण धाडस पित्ताशयात असतं हे काही कोणाला आतून जाणवत नाही, ते चीनच्या जुन्या वैद्यकातून आलंय, तिथे निर्णय घ्यायचं काम पित्ताशयाकडे दिलेलं आहे. म्हणजे शरीर सगळ्यांचं सारखं, पण त्यातला कुठला अवयव कशासाठी बोलायचा हे त्या त्या मुलखानं ठरवलेलं.

मग माफी पोटातच का? माझ्या मते, पोट ही आपल्याकडे सांभाळायची जागा आहे. तुम्ही तेलुगू घरात आहात म्हणजे तुम्हाला माहीतच असेल की कडुपु म्हणजे पोट पण आणि गर्भ पण, आणि लेकीला सासरी पाठवताना 'कडुपुलो पेट्टुकुनि चूसुकोंडि' म्हणतात, पोटात ठेवून सांभाळा. आपण पण पोटचं पोर म्हणतो, गुपित पोटात ठेवतो, माया पोटात असते. ज्याचं चुकलंय त्याची चूक आपण तिथे घेतो जिथे लेकरू ठेवतात, इतकी मोठी गोष्ट तुमच्या सासूबाई आणि तुमची आई दोघी रोज अगदी सहज बोलत आल्यात. मिस्टरांना सांगा हे तुमचं पण आणि आमचं पण, आणि शेजारच्या काकूंचं पण.

मी बीकॉम सेकंड इयरला आहे. कॉलेजच्या मासिकासाठी गोष्ट लिहिली त्यात 'तिच्या पोटात फुलपाखरं उडायला लागली' असं लिहिलं तर संपादक मंडळातल्या एका सरांनी लाल पेन मारला, म्हणे हे मराठी नाही. आम्ही सगळे असंच बोलतो. चूक आहे का?
एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

अगं चूक नाहीये. इंग्रजीतून आलंय हे सरांचं म्हणणं खरंय, पण इंग्रजी राज्यात आलेलं आपण किती वापरतो बघ, कामाला हिरवा कंदील मिळतो, संसाराची गाडी रुळावर येते, आणि १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली त्याच्या आधी मराठी माणसाला रूळच माहीत नव्हता तर गाडी त्यावर येणार कुठून? शंभर वर्षांपूर्वी त्याला पण कोणीतरी लाल पेन मारलाच असेल.

फक्त मी एक विचारीन, तुझी ती मुलगी कोण आहे? जुळे सोलापुरात राहणारी, रील्स बघणारी असेल तर खुशाल फुलपाखरं उडू दे. पण ती १९६० सालातली विडी वळणारी बाई असेल तर तिच्या पोटात फुलपाखरं नसतात, तिचा जीव वरखाली होतो, काळजात धस्स होतं, नाहीतर नुसती हुरहूर लागते. पात्राच्या तोंडात आणि मनात त्याच्याच जगातलं ठेव, बस. गोष्ट परत पाठव त्यांना आणि तुझं म्हणणं नीट सांग, भांडू नकोस.

मॅडम, जन्म गेला मागावर. आधी हातमाग, मग पॉवरलूम, टॉवेल आणि चादरी. आता रिटायर. नातवाला जुना धोटा दाखवला तर तो म्हणाला ही होडी आहे का आजोबा. पण तोच नातू कुणाचं प्रेम जमलं की 'त्यांचं सूत जुळलंय' म्हणतो. माझा प्रश्न असा की आमच्या धंद्यातलं बोलणं बाकीच्या देशात पण असं रोजच्या बोलण्यात आहे का?
एक विणकर, भद्रावती पेठ

काका, आहे, आणि फार मानाच्या जागी आहे.

आधी आपल्याकडचं घेऊ. संस्कृतात सूत्र म्हणजे दोरा, आणि मोजक्या शब्दात बांधलेलं ज्ञान पण सूत्रच. तंत्र शब्दाचं मूळ मागावर ताणलेल्या धाग्यांशी आहे. आणि बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारते तो अख्खा विणकराचा प्रश्न आहे, हे सगळं पाण्यावर विणलेलं आहे तर मग पाणी कशावर विणलेलं आहे, आणि ते ज्याच्यावर आहे ते कशावर, असं विचारत विचारत ती पार ब्रह्मलोकापर्यंत जाते. तिथे जे ओत आणि प्रोत शब्द आहेत ते ताण्या-बाण्यासारखे उभे आडवे विणलेलं असण्याचे आहेत, आणि आपण आज 'मायेनं ओतप्रोत' म्हणतो तेव्हा बहुतेकांना वाटतं की काहीतरी ओतलंय म्हणून ओतप्रोत! तसं नाही, मायेचा धागा उभ्यातून पण गेलाय आणि आडव्यातून पण.

आता चीन. तिथे पूज्य ग्रंथांना जो शब्द आहे, जिंग, त्याचा मूळ अर्थ मागावरचा उभा ताणा. तुम्हाला हे चटकन कळेल, बाकीच्यांना मला समजावून सांगावं लागेल, की ताणा आधी बांधायला लागतो, तो ताठ आणि पक्का बसतो, मग धोटा त्याच्यातून बाण्याचा धागा घेऊन ये-जा करतो, म्हणजे ताणा हलत नाही आणि बाकी सगळं त्याच्या आधारानं चालतं. म्हणून जे ग्रंथ बदलत नाहीत, ज्यांच्या आधारानं बाकीचं जगायचं, त्यांना ताणा म्हटलं गेलं. नंतर बौद्ध धर्म तिथे गेला आणि आपल्याकडची सूत्रं चिनी भाषेत न्यायची वेळ आली तेव्हा सूत्राला पण त्यांनी हाच जिंग शब्द लावला. इकडे दोरा, तिकडे ताणा.

युरोपात लॅटिनमध्ये विणणे ह्या क्रियापदावरून टेक्स्टाइल पण झालं आणि टेक्स्ट पण. म्हणजे तुमच्या टेक्स्टाइल मिलचा आणि नातवाच्या मोबाईलमधल्या टेक्स्ट मेसेजचा आजा एकच. तुमच्याबरोबर मागावर जे तेलुगू लोक होते त्यांना विचारा, दोन माणसांचं घट्ट असलं की ते 'पडुगु-पेका'सारखं म्हणतात, पडुगु म्हणजे उभा आणि पेका म्हणजे आडवा. ह्या सगळ्यांनी एकमेकांचं बघून केलं असं नाही, जिथे जिथे माणूस कापड विणत बसला तिथे तिथे त्याला दिसलं की एकेकटा धागा बोटानं तुटतो आणि दोन दिशांनी गुंतला की ओढला तरी तुटत नाही, आणि हे नात्याला, बोलण्याला, पुस्तकाला सगळ्याला लागू होतं.

पण एक गोष्ट फक्त आपली आहे, ती म्हणजे पदर. पदर पसरणे, पदरात घेणे, पदरमोड करणे, पदरचे चार पैसे घालणे, पदरी पडलं पवित्र झालं, ह्यातलं काहीही इंग्रजीत जात नाही कारण त्यांच्या बायकांनी साडी नेसली नाही. माग बऱ्याच देशात होता म्हणून मागावरचं बोलणं बऱ्याच देशात आहे, आणि पदर जिथे आहे तिथेच पदराचं बोलणं. ह्याहून सोपं करून मला सांगता येणार नाही.

आणि नातवाचं वाईट वाटून घेऊ नका काका. आता रॅपियर मागाला तर धोटाच नसतो, पुढे तुमच्या धंद्यातल्या पोरांना पण तो दिसणार नाही. पण सूत जुळणं, घडी विस्कटणं, नातं उसवणं, पीळ न जाणं हे तुमच्या हातातून आलेलं बोलणं राहणार. तो धोटा मात्र भंगारात देऊ नका, नातवाला त्यातली कांडी काढून दोरा कसा सुटतो ते करून दाखवा.

माझ्या आईला कॅन्सर आहे, ट्रीटमेंट चालू आहे. येणारा प्रत्येक जण तिला म्हणतो लढा दे, हरायचं नाही, तू फायटर आहेस. परवा ती वैतागून म्हणाली, मला नाही लढायचं, मला नीट झोपायचंय. आम्ही सगळे गप्प. तिला धीर द्यायचा तर काय बोलायचं?
एक मुलगा, होटगी रोड

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे म्हटलं ते फार खरं आहे, आणि तसं वाटणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

आजाराला लढाई म्हणायची सवय आता इतकी पसरलीय की पेपरात पण 'कॅन्सरशी झुंज अपयशी' असं छापतात, म्हणजे जो माणूस गेला तो हरला, त्याचंच काहीतरी कमी पडलं असा त्याचा अर्थ होतो, आणि मला ते वाचवत नाही. अमेरिकन लेखिका सुसान सॉन्टॅग, ज्यांना स्वतःला कॅन्सर झाला होता, त्यांनी १९७८ मध्येच ह्या बोलण्याविरुद्ध लिहिलं होतं की आजारावर अशी रूपकं लादली की रोग्यालाच त्याचा भार होतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात एलेना सेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या पेशंट लोकांचं बोलणं जमवून बघितलं तर असं दिसलं की काहींना लढाई म्हटल्यानं खरंच बळ येतं आणि काहींना त्यानं अपराधी वाटतं, आणि 'प्रवास' म्हटलं तरी तसंच, कोणाला बरं वाटतं, कोणाला आपण कुठे फरफटत चाललोय असं वाटतं. म्हणजे शब्द चांगला की वाईट हे बाहेरच्यानं ठरवायचं नाही, जो अंथरुणावर आहे त्यानं ठरवायचं.

अजून एक गोष्ट, आईंपेक्षा घरातल्या बाकीच्यांसाठी. डेव्हिड हाउझर आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ यांच्या २०१५ च्या अभ्यासात असं आलं की कॅन्सरला शत्रू म्हणून मांडलं की लोक स्वतःला आवर घालण्याचे उपाय, म्हणजे सिगारेट कमी करणं, दारू कमी करणं वगैरे, करायला कमी तयार होतात. लढाईत आवर घालणं कुठे असतं, तिथे चढाई असते. आपल्याकडे घरोघर तंबाखू, मावा आहे, आणि एवढे जागृतीचे बोर्ड 'कॅन्सरविरुद्ध युद्ध' म्हणून लागतात, त्यांनी ह्याचा विचार करावा असं मला फार वाटतं.

आता बोलायचं काय. आपल्या जुन्या बायका आजाराबद्दल कशा बोलायच्या ते आठवा, दुखण्याला उतार पडू दे, ह्यातून उठशील, अंगावर काढू नको, पथ्य सांभाळ. ह्यात शत्रू कुठे नाही आणि हार-जीत पण नाही, दुखणं चढतं तसं उतरतं आणि माणूस त्यातून उठतो, एवढंच. आईंना त्यातलं जे बरं वाटेल ते घ्या. आणि त्यांना झोपायचंय तर येणाऱ्या माणसांना बाहेरच्या खोलीत चहा द्या, तिथूनच निरोप सांगा, आणि त्यांना झोपू द्या. त्यांनी उठून स्वतः कधी 'मी लढणार' म्हटलं तर मग तुम्ही पण म्हणा.

मी झेडपी शाळेत चौथीला शिकवतो. काळ शिकवताना फळ्यावर डावीकडे भूतकाळ, उजवीकडे भविष्यकाळ काढतो आणि सांगतो, गेलेलं मागे, येणारं पुढे. एका मुलानं विचारलं, सर, पुढचं तर दिसत नाही, मग ते पुढे कसं? मला उत्तर देता आलं नाही.
एक शिक्षक, दक्षिण सोलापूर

सर, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण दक्षिण अमेरिकेतले आयमारा लोक अगदी हाच विचार करतात. बोलिव्हिया, पेरू, चिली ह्या भागातल्या डोंगरात ते राहतात, आणि त्यांच्या भाषेत भूतकाळ समोर असतो आणि भविष्यकाळ पाठीमागे. राफाएल नुन्येस आणि ईव्ह स्वीट्सर यांनी २००६ मध्ये ह्यावर लिहिलं, त्यात नुसते शब्द नाही तर त्यांचे हातवारे पण बघितले होते, जुनी माणसं पूर्वजांबद्दल बोलताना हात पुढे करायची आणि येणाऱ्या दिवसांबद्दल बोलताना खांद्यावरून मागे दाखवायची. जे होऊन गेलं ते बघितलेलं, म्हणून डोळ्यासमोर, जे व्हायचंय ते दिसत नाही, म्हणून पाठीमागे. तुमचा चौथीतला मुलगा वेगळं काय म्हणाला?

चिनी भाषेत मागचा महिना 'वरचा' असतो आणि पुढचा 'खालचा'. ऑस्ट्रेलियातल्या पोर्मपुरा गावात तर अजून गंमत, तिथले मूळ लोक काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे लावतात, सूर्य जातो तसा, म्हणजे आधी काय, नंतर काय अशी चित्रं क्रमानं लावायला दिली, तर दक्षिणेकडे तोंड करून बसलेला माणूस ती लावतो डावीकडून उजवीकडे आणि उत्तरेकडे तोंड केलं तर उजवीकडून डावीकडे. लेरा बोरोडिट्स्की आणि अ‍ॅलिस गॅबी यांनी हे २०१० मध्ये दाखवलं.

आणि फळ्यावरच्या तुमच्या डाव्या-उजव्याबद्दल, ते आपण लिहितो त्या दिशेवरून आलंय. इंग्रजी, हिब्रू आणि अरबी वाचणाऱ्या लोकांवर १९९१ मध्ये बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास आहे, त्यात इंग्रजी वाचणारे काळ डावीकडून मांडतात आणि अरबी वाचणारे उजवीकडून, असं दिसलं. सोलापूर भागात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, एखादी जवळ असेल तर तिथल्या शिक्षकांना सोबत घ्या. ज्वारीची पाच चित्रं करा, पेरणी, कणीस, मळणी, दळण आणि कडक भाकरी, आणि दोन्ही शाळेतल्या मुलांना ती नुसती क्रमानं लावायला सांगा, कुठून सुरू करायचं ते सांगू नका. कोणाचं उलटं आलं तरी चूक धरू नका, का तसं लावलं ते विचारा. काय होतं ते आम्हाला नक्की कळवा, पुढच्या अंकात घेऊ.